म्युनिसिपल कोर्टाचे तिकीट फेडरल कोर्टात नेले तेव्हा: न्यू जर्सीतले एक प्रकरण

पार्श्वभूमी

मध्य न्यू जर्सीतल्या एका मराठी अभियंत्याचे हे प्रकरण आहे. कायद्याच्या मदतीसाठी ते माझ्याकडे आले होते, आणि त्यांच्या संमतीने हे लिहिते आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे त्यांना सुधीरराव म्हणू. वय चाळिशीचे, एच-१बी व्हिसा, ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर लागलेला, घरी पत्नी आणि दोन मुले. इतक्या वर्षांत गाडीचे एकही तिकीट, म्हणजे पोलिसांचे चलान, नाही.

एका संध्याकाळी ऑफिसातून घरी येताना स्थानिक पोलिसांनी त्यांना बाजूला घेतले. हातात दोन तिकिटे पडली. पहिले बेदरकारपणे गाडी चालवल्याचे, कलम ३९:४-९६. दुसरे लेन नीट न पाळल्याचे, कलम ३९:४-८८. पहिल्याचे लायसन्सवर पाच दंड-पॉइंट, दुसऱ्याचे दोन. तीन वर्षांत सहा किंवा अधिक पॉइंट झाले की राज्य वर्षाला १५० डॉलरचा अधिभार लावते, शिवाय सहाच्या वरच्या प्रत्येक पॉइंटला २५ डॉलर. इन्शुरन्सचा हप्ता वाढतो तो वेगळाच. बेदरकारपणाच्या पहिल्या गुन्ह्याला ५० ते २०० डॉलर दंड आणि ६० दिवसांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. स्वच्छ रेकॉर्ड असलेल्या माणसाला कैद होणे फार दुर्मीळ, पण व्हिसावर राहणाऱ्याने ते वाक्य वाचले की त्याची झोप उडते.

तरी सुधीररावांना टोचत होते ते वेगळेच. लायसन्स हातात घेऊन पोलिसाने विचारले होते, तुम्ही मूळचे कुठले आणि इथे किती वर्षे आहात. "माझ्या पुढची गाडी माझ्याहून जोरात होती, ताई. ती सोडली आणि मला धरलं. माझा रंग बघून धरलं, दुसरं काही नाही," असे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले.

ही भावना मी कधीच उडवून लावत नाही. न्यू जर्सीत तिला इतिहास आहे. टर्नपाइक या टोल महामार्गावर काळ्या चालकांना वेचून थांबवले जाते हे इथल्याच कोर्टात सिद्ध झाले, आणि १९९९ च्या डिसेंबरात राज्य पोलिसांना फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, न्याय खात्याबरोबर करार करून देखरेखीखाली जावे लागले. ती देखरेख २००९ पर्यंत चालली. सुधीररावांनी हे सगळे वाचले होते. मात्र त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा निघाला.

अडचण नेमकी काय होती

ते माझ्याकडे आले तेव्हा तिकिटांना दोन महिने होऊन गेले होते आणि प्रकरण तीन ठिकाणी अडकले होते. म्युनिसिपल कोर्टात त्यांनी झूमवर हजर होऊन गुन्हा नाकबूल केला होता. त्यानंतर स्वतःच अर्ज करून दोन्ही तिकिटे फेडरल जिल्हा न्यायालयात नेली होती. आणि ती तिकडे गेली, आता इकडे काही होणार नाही, असे समजून म्युनिसिपल कोर्टाच्या पुढच्या तारखेला ते गैरहजर राहिले होते. टपालात गैरहजेरीची नोटीस आली. ठरलेल्या दिवसापर्यंत हजर न झाल्यास लायसन्स निलंबित होऊ शकते, वॉरंटही निघू शकते, असे तिच्यात लिहिले होते. ती नोटीस त्यांच्या पत्नीच्या हाती पडली, आणि माझा फोन त्यांनीच लावला.

फेडरल कोर्टात का जावेसे वाटले, असे मी विचारले. सुधीररावांचे वडील सांगलीकडच्या एका कोर्टात शिरस्तेदार होते. खाली न्याय मिळत नसेल तर वर जा, हे ते लहानपणापासून ऐकत आलेले. भारतात ते खरेही आहे. तिथे न्यायव्यवस्था एकच आहे: तालुका, जिल्हा, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. खालच्या कोर्टातला खटला रद्द करून घ्यायला हायकोर्टात जाता येते. पूर्वी त्याला कलम ४८२ म्हणत, नव्या संहितेत ते ५२८ झाले. अमेरिकेत शिड्या दोन आहेत. म्युनिसिपल कोर्ट राज्याच्या शिडीवर आहे. तिथल्या निकालावर वीस दिवसांत अपील करायचे ते त्याच शिडीवर वरच्या सुपीरियर कोर्टात. फेडरल जिल्हा न्यायालय शेजारच्या शिडीवर आहे. म्युनिसिपल कोर्टाच्या डोक्यावर ते बसलेले नाही, आणि एका शिडीवरून दुसरीवर जायला कायद्याने मोजक्याच जागा ठेवल्या आहेत.

माझ्याकडे येणाऱ्या आपल्या लोकांच्या बऱ्याच चुकांचे मूळ या समजुतीत असते. ही माणसे शिकलेली असतात, कलमे वाचतात, अर्ज नीट लिहितात. चूक नकाशात असते.

समोर असलेले पर्याय

फेडरल कोर्टात जाण्याच्या ज्या वाटा त्यांनी शोधल्या होत्या, त्या एकेक तपासल्या.

पहिली वाट फेडरल कायद्यातल्या कलम १४४१ची. दोन पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे किंवा देशांचे असले आणि वाद ७५,००० डॉलरच्या वरचा असला, तर दावा फेडरल कोर्टात हलवता येतो. सुधीरराव भारताचे नागरिक, म्हणून ही वाट आपलीच असे त्यांना वाटले. पण हे कलम फक्त दिवाणी दाव्यांसाठी आहे. वाहतुकीचे तिकीट म्हणजे राज्याने चालवलेला दंडात्मक खटला. शिवाय खुद्द राज्य या अर्थाने कोणत्याच राज्याचे 'नागरिक' नसते. वाट बंद.

दुसरी कलम १४४२ची, फेडरल अधिकाऱ्यांसाठी. सुधीररावांचा तिच्याशी संबंध नव्हता. तरी इथे थोडे थांबते, कारण वाहतुकीच्या गुन्ह्यांवरचा सुप्रीम कोर्टाचा एक महत्त्वाचा निकाल याच कलमावर आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत टपाल खात्याच्या दोन ट्रकचालकांवर राज्याने खटले भरले होते. एकीच्या ट्रकखाली सायकलस्वाराचा जीव गेला होता, दुसऱ्याचा ट्रक पोलिसांच्या गाडीवर आदळला होता. आम्ही सरकारी कामावर होतो, खटला फेडरल कोर्टात चालवा, असे दोघांचे म्हणणे. १९८९ साली 'मेसा विरुद्ध कॅलिफोर्निया' या निकालात सुप्रीम कोर्टाने ते एकमताने फेटाळले. कामावर असणे पुरेसे नाही, फेडरल कायद्यातला एखादा बचाव मांडावा लागतो, असे कोर्ट म्हणाले. टपालाचा ट्रक चालवणाऱ्यालाही जी वाट मिळाली नाही, ती खासगी गाडीतल्या माणसाला मिळणे शक्यच नव्हते.

तिसरी वाट कलम १४४३ची, आणि सुधीररावांचा सगळा भर तिच्यावर होता. वांशिक समानतेच्या हक्कांसाठीचे हे कलम यादवी युद्धानंतरच्या काळातले आहे. राज्याच्या कोर्टात ज्याला तो हक्क बजावता येत नाही, त्याला खटला फेडरल कोर्टात नेऊ देण्यासाठी ते केले. १९६६ साली सुप्रीम कोर्टाने यावर एकाच दिवशी दोन निकाल दिले, आणि दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय हे कलम समजत नाही. 'जॉर्जिया विरुद्ध रेचल'मध्ये अटलांटातल्या हॉटेलांत वंशभेद झुगारून सेवा मागणाऱ्या कार्यकर्त्यांवर अतिक्रमणाचे खटले होते. त्यांना फेडरल कोर्टाचे दार उघडले, कारण १९६४च्या नागरी हक्क कायद्याने नेमके तेच वागणे संरक्षित केले होते आणि त्यासाठी खटला चालवणेच बेकायदा ठरत होते. 'ग्रीनवुड विरुद्ध पीकॉक'मध्ये मिसिसिपीत मतदार नोंदणीचे काम करणाऱ्यांवर रस्ता अडवल्यासारखे आरोप होते. अटक वंशद्वेषातून झाली, आरोप खोटे आहेत, असे ते सांगत होते. त्यांना दार उघडले नाही. तुमचे म्हणणे खरे असेल तर ते राज्याच्या कोर्टात मांडा, तिथे अन्याय झाला तर अपील करा, असे कोर्ट म्हणाले. १९७५ च्या 'जॉन्सन विरुद्ध मिसिसिपी'त कसोटी पक्की झाली: हक्क वांशिक समानतेच्या विशिष्ट कायद्यातला हवा, आणि तो राज्याच्या कोर्टात बजावता येणार नाही हे साधारणपणे राज्याच्या कायद्यातूनच दिसायला हवे.

मला विचाराल तर पीकॉकचा निकाल कठोर आहे. १९६४चे मिसिसिपी आणि तिथली कोर्टे डोळ्यांसमोर आणली की तो आजही वाचवत नाही. पण कायदा तोच आहे, आणि अर्ज त्यालाच धरून लिहावा लागतो. सुधीररावांचे म्हणणे जसेच्या तसे पीकॉकच्या साच्यात बसत होते: पोलिसाने भेदभाव केला. राज्याचा कोणताही कायदा त्यांना तसे म्हणण्यापासून रोखत नव्हता.

उलट न्यू जर्सीच्या कोर्टाने हाच मुद्दा मान्य केलेला आहे. 'राज्य विरुद्ध सोटो' या १९९६च्या निकालात ग्लॉस्टर काउंटीतल्या सुपीरियर कोर्टाने टर्नपाइकवर थांबवलेल्या सतरा काळ्या आरोपींविरुद्धचा पुरावा वगळला, कारण पोलिसांचा भेदभाव आकडेवारीने सिद्ध झाला होता. म्हणजे सुधीररावांचे सगळ्यांत जवळचे हत्यार राज्याच्याच शिडीवर होते, आणि ते तिथे आहे म्हणूनच फेडरल दार बंद होते.

चौथा पर्याय सगळ्यांत साधा होता. म्युनिसिपल कोर्टातच राहायचे, प्रॉसिक्युटरकडे, म्हणजे सरकारी वकिलाकडे, पुरावे मागायचे, फुटेज बघायचे, आणि मग लढायचे की तडजोड करायची ते ठरवायचे.

प्रत्यक्षात काय केले गेले

अर्ज त्यांनी मुदतीत दिला होता. राज्यातला दंडात्मक खटला हलवायचा तर कलम १४५५प्रमाणे आरोप वाचून दाखवल्यापासून तीस दिवसांत किंवा खटला उभा राहण्याआधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा अर्ज द्यावा लागतो. सगळी कारणे त्यात लिहावी लागतात आणि खालच्या कोर्टाचे कागद जोडावे लागतात. हे सगळे त्यांनी काटेकोर केले होते. गफलत झाली ती खिडकीवर. वकील न लावता स्वतःच लढणाऱ्यांचे असे अर्ज पुष्कळदा दिवाणी क्रमांकाखाली नोंदले जातात, तसेच इथे झाले. त्यांनी दिवाणी प्रकरणाचे मुखपृष्ठ भरले, ४०५ डॉलर फी दिली आणि दिवाणी क्रमांक छापलेली पोच घेतली.

ती पोच त्यांनी मला दाखवली. क्रमांकावर पिवळ्या पेनने रेघ मारली होती आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिले होते: "१४४६(ड) – खालचे कोर्ट पुढे जाणार नाही."

सगळा घोळ त्या रेघेत होता. दिवाणी दावा हलवला की कलम १४४६नुसार राज्याच्या कोर्टाचे काम थांबते. दंडात्मक खटला हलवला तर कलम १४५५ लागते, आणि ते उलटे आहे: खालच्या कोर्टाचे काम चालू राहू शकते, फक्त प्रकरण परत आल्याशिवाय दोषी ठरवल्याचा निकाल नोंदवता येत नाही. रजिस्टरातला क्रमांक दिवाणी असला म्हणून तिकीट दिवाणी होत नाही. म्युनिसिपल कोर्टाने तारीख ठेवली ते बरोबर होते. ती चुकवायला सुधीररावांकडे काहीही आधार नव्हता.

आम्ही पहिली धावपळ केली ती या नोटिशीसाठी. फेडरल अर्जाचे काय व्हायचे ते होईल, आधी म्युनिसिपल कोर्टाला पत्र गेले: पक्षकार हजर होतो आहे, गैरहजेरी गैरसमजातून झाली, सोबत फेडरल अर्जाची प्रत. नवी तारीख मिळाली आणि लायसन्स वाचले.

त्याच आठवड्यात पुरावे मागितले: गाडीतला कॅमेरा, अंगावरचा कॅमेरा, डिस्पॅचचे (पोलीस नियंत्रण कक्षाचे) रेकॉर्डिंग, वेग मोजल्याच्या नोंदी. घाईला कारण होते. न्यू जर्सीत पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचे फुटेज किमान १८० दिवस ठेवायचे बंधन आहे. तक्रार झाली असेल किंवा थांबवल्या गेलेल्या माणसाने मागणी केली असेल तर तीन वर्षे. सुधीररावांनी ना तक्रार केली होती ना मागणी, आणि १८० दिवसांतले साठाहून अधिक दिवस आधीच निघून गेले होते.

निर्णयाचे तीन क्षण

पहिला: फेडरल अर्ज स्वतःहून मागे घ्यायचा का? माझे मत होते की घ्यावा. सुधीरराव तयार नव्हते. मागे घेतला तर पोलिसाने काही चूक केलीच नाही असे होईल, असे त्यांना वाटत होते. आम्ही बोलत होतो तोवर न्यायाधीशांनीच प्रश्न सोडवला. असा अर्ज आला की फेडरल न्यायाधीशांनी तो लगेच तपासायचा असतो, आणि वरवर बघताच तो बसत नसेल तर सुनावणी न घेता परत पाठवायचा असतो. चार पानी आदेश आला. त्यात जॉन्सनची कसोटी होती, पीकॉक होता, आणि अर्जात राज्याच्या कोणत्याही कायद्याकडे बोट दाखवलेले नाही असे एक वाक्य होते. पोलिसाने भेदभाव केला की नाही यावर एक अक्षरही नव्हते. ते मी सुधीररावांना दोनदा वाचून दाखवले. त्यांचे म्हणणे खोटे ठरले नव्हते. ते तपासायची जागा ती नव्हती.

अशा वेळी समोरच्या बाजूचा खर्चही अर्जदाराच्या अंगावर पडू शकतो, अर्ज अगदीच निराधार असेल तर. इथे तसा आदेश झाला नाही.

दुसरा: या आदेशावर अपील करायचे का? परत पाठवण्याच्या आदेशावर एरवी अपील चालत नाही, पण कलम १४४२ आणि १४४३ याला अपवाद आहेत. त्यामुळे थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टात जाता आले असते. फी ६०५ डॉलर. सुधीररावांना मोह झाला. या वेळी त्यांच्या पत्नीने निकाल दिला. "वरच्या कोर्टात काय म्हणायचंय ते ठरलंय, पण खालच्या कोर्टातलं फुटेज अजून कुणी बघितलंय का?" असे त्यांनी विचारले. अपील केले नाही.

तिसरा क्षण फुटेज आल्यावरचा, आणि तोच खरा अवघड होता. "मूळचे कुठले" हा प्रश्न त्यात स्वच्छ ऐकू येत होता, आणि तो विचारण्याचे कारण कुठेच दिसत नव्हते. पण सुधीररावांनी सिग्नल न देता एका ट्रकसमोर गाडी घातलेलीही दिसत होती. पुढची वेगवान गाडी चित्रात नव्हती. सोटोच्या वाटेने जायचे तर एका गाडीचा अनुभव पुरत नाही. तिथे रस्त्यावरच्या चालकांची मोजणी करून पोलिसांच्या थांबवण्याशी ती ताडून पाहिली होती, आणि कामाला सरकारी बचाव वकिलांची फौज होती. एका कुटुंबाच्या खर्चाने ते होण्यासारखे नव्हते.

प्रॉसिक्युटरने फुटेज पाहून बेदरकारपणाचा आरोप बदलायची तयारी दाखवली: असुरक्षित ड्रायव्हिंग, कलम ३९:४-९७.२. पहिल्या दोन वेळा याला पॉइंट नाहीत, मात्र दंडावर २५० डॉलर अधिभार आहे. लेनचे तिकीट मागे घेणार. इथे एक खाच होती आणि ती मी स्पष्ट सांगितली. गुन्हा कबूल केला की पुढे पोलिसांविरुद्ध कलम १९८३खाली नागरी हक्कांचा दावा लावताना ती कबुली आड येऊ शकते. ज्या दाव्यातून आधीची शिक्षा चुकीची ठरेल तो चालत नाही, असे १९९४च्या 'हेक विरुद्ध हम्फ्री' निकालात म्हटले आहे. रस्त्यावर थांबवण्याबाबतचा प्रत्येक दावा त्यात अडकतोच असे नाही, पण धोका खरा आहे.

सुधीररावांनी दोन दिवस घेतले. लायसन्स, इन्शुरन्स आणि ग्रीन कार्डच्या फाइलमधला एक स्वच्छ कागद त्यांनी निवडला.

निकाल

दंड, अधिभार आणि कोर्टाचा खर्च मिळून साडेचारशे डॉलरच्या आत सुटले. पॉइंट शून्य. गैरहजेरीबद्दल न्यायाधीशांनी समज दिली, वेगळा दंड केला नाही. निकालाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागवून घेतली. इमिग्रेशनच्या अर्जांत तिकिटांबद्दल विचारले की ती लागते, आणि वर्षांनंतर शोधत बसणे त्रासाचे असते.

वेगळे काय करता आले असते

पहिल्याच आठवड्यात पोलीस खात्याच्या अंतर्गत चौकशी विभागाकडे तक्रार द्यायला हवी होती. न्यू जर्सीत प्रत्येक खात्याला अशी तक्रार घ्यावीच लागते, निनावी असली तरी. तिने खटला थांबत नाही, पण भेदभावाची नोंद योग्य जागी होते आणि फुटेज तीन वर्षे टिकते. सुधीररावांचा सगळा राग फेडरल अर्जाच्या परिच्छेदांत ओतला गेला, आणि तिथे त्याला कान नव्हते.

पुरावे मागण्याचे पत्र गुन्हा नाकबूल केला त्याच दिवशी जायला हवे होते. ते पाठवायला वकीलही लागत नाही.

तारखेबद्दल मी सगळ्यांना एकच सांगते: ज्या कोर्टाने तारीख दिली, त्याच कोर्टाने ती रद्द केल्याचा कागद हातात येईपर्यंत हजर राहायचे. दुसऱ्या कोर्टातली पोच हा तो कागद नव्हे.

आणि तिकिटावर कोणत्या कोर्टाचे नाव आहे ते आधी वाचायचे. सँडी हूकच्या किनाऱ्यावर आपली किती तरी कुटुंबे उन्हाळ्यात जातात. ती जमीन राष्ट्रीय उद्यान सेवेची आहे. तिथल्या रेंजरने दिलेले तिकीट सुरुवातीपासूनच फेडरल असते, कुठे हलवायचा प्रश्नच येत नाही. गावातल्या पोलिसाचे तिकीट गावातल्या कोर्टाचे.

अंतर्गत चौकशीची तक्रार सुधीररावांनी अखेर दिली, खटला संपल्यावर. फुटेजमधल्या त्या प्रश्नाची नेमकी वेळ मिनिट-सेकंदासह लिहून दिली. काही महिन्यांनी उत्तर आले: उपलब्ध पुराव्यावरून आरोप सिद्ध किंवा असिद्ध ठरवता येत नाही. कलम १९८३चा दावा लावायला न्यू जर्सीत दोन वर्षांची मुदत आहे. ती अजून संपलेली नाही, आणि दावा लावायचा की नाही ते त्यांनी अजून ठरवलेले नाही.